दहा लाखांत पाच मते

ट्रान्झिस्टरच्या काळात साताऱ्यात बसून सांगली आकाशवाणी ऐकणाऱ्यांना एक गोष्ट चांगली ठाऊक होती. काटा अगदी सावकाश फिरवावा लागे. घाई केली की केंद्र निसटे, आणि केंद्र सापडेपर्यंत कानावर पडे ती नुसती खरखर. १९४६ पासून पुढची जवळजवळ वीस वर्षे शास्त्रज्ञ रेणूंचा आवाज असाच ऐकत होते. काटा हळूहळू फिरवायचा आणि बहुतेक वेळ खरखर ऐकायची. ही पद्धत रिचर्ड अर्न्स्ट या तरुण स्विस रसायनशास्त्रज्ञाने कशी बदलली आणि त्याला सुरुवातीला दाद का मिळाली नाही, ते या लेखात पाहू.

प्रथम हा आवाज कशाचा, हे समजून घेऊ. हायड्रोजनच्या अणूचे केंद्रक म्हणजे एक प्रोटॉन. तो एखाद्या चिमुकल्या चुंबकासारखा वागतो. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवल्यावर त्याला दोनच अवस्था मोकळ्या असतात, एक क्षेत्राच्या दिशेची आणि दुसरी विरुद्ध दिशेची. दोन्ही अवस्थांच्या ऊर्जेत थोडा फरक असतो. त्या फरकाशी नेमकी जुळणारी रेडिओ लहर आली, तरच प्रोटॉन तिला प्रतिसाद देतो. मिरजेच्या कारागिरांनी बनवलेली सतार आपण पाहिली असेल. तिच्यावरची तार छेडली की खालच्या तरफांपैकी त्याच सुरात लावलेली तार आपोआप झंकारते. तसाच हा प्रकार आहे. म्हणून त्याला अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन, थोडक्यात एनएमआर, असे म्हणतात. नेहमीच्या घन व द्रव पदार्थांत तो दाखवून दिला अमेरिकेतील दोन गटांनी. हार्वर्डला पर्सेल यांच्या गटाने मेणावर प्रयोग केला, तर स्टॅनफर्डला ब्लॉख यांच्या गटाने पाण्यावर. १९५२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांना विभागून मिळाले.

रसायनशास्त्राला या शोधाचा उपयोग कळला तो १९५१ मध्ये. स्टॅनफर्ड येथे अर्नोल्ड, धर्माट्टी आणि पॅकार्ड यांनी साध्या अल्कोहोलचा, म्हणजे इथेनॉलचा वर्णपट घेतला. त्यात एकाऐवजी तीन शिखरे दिसली. त्यांची क्षेत्रफळे ३, २ आणि १ या प्रमाणात होती. इथेनॉलच्या रेणूत हायड्रोजनचे सहा अणू तीन वेगवेगळ्या ठिकाणी असतात, आणि प्रत्येक ठिकाणी किती, ते या शिखरांनी मोजूनच सांगितले. या तिघांपैकी श्रीनिवास धर्माट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि त्यांनी तेथे एनएमआरचे संशोधन उभे केले. या विद्येचे महाराष्ट्राशी नाते असे तिच्या बालपणापासूनचे आहे.

पण या विद्येत एक मोठे वैगुण्य होते. आवाज फार क्षीण होता. त्याचे कारण एका निवडणुकीवरून समजेल. समजा, एखाद्या मतदारसंघात दहा लाख मतदान झाले आणि दोनच उमेदवार आहेत. विजयी उमेदवाराला केवळ पाच मते अधिक पडली. प्रोटॉनांचे नेमके असेच असते. क्षेत्राच्या दिशेची अवस्था कमी ऊर्जेची, म्हणून तिच्यात थोडे अधिक प्रोटॉन असतात. मात्र नेहमीच्या तापमानाला उष्णतेची धडपड एवढी असते, की १९६० च्या सुमारास प्रचलित असलेल्या ६० मेगाहर्ट्झच्या उपकरणात हे आधिक्य दहा लाखांत पाचच्या आसपास भरे. बाकीच्यांचे परिणाम एकमेकांना खोडून काढतात. जो काही संकेत मिळतो तो या पाचांचा.

मग आवाज वाढवायचा कसा? चुंबक मोठा करणे हा पहिला उपाय. आजच्या ५०० मेगाहर्ट्झच्या उपकरणातील क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे तीन लाख पट असते. एवढे करूनही आधिक्य वाढते ते दहा लाखांत चाळीसपर्यंतच.

दुसरा उपाय म्हणजे तेच मोजमाप पुन्हा पुन्हा करून बेरीज घेणे. हा उपाय वर्गात करून पाहण्याजोगा आहे. चाळीस विद्यार्थ्यांना प्रत्येकी दहा रकाने आखायला सांगावे. प्रत्येक रकान्यासाठी सोंगटीचा फासा एकदा टाकून आलेला आकडा लिहावा. फक्त सातव्या रकान्यातील आकड्यात एक मिळवावा. हा एक म्हणजे आपला ‘संकेत’ आणि फाशाची लहर म्हणजे ‘खरखर’. एकट्यादुकट्या कागदावरून सातवा रकाना वेगळा आहे हे सहसा ओळखता येणार नाही. चार कागदांची बेरीज केली तरी शंका उरेल. चाळीस कागदांची बेरीज फळ्यावर मांडली, की इतर रकाने १४० च्या आगेमागे राहतील आणि सातवा १८० च्या आसपास डोके वर काढील. कारण असे, की संकेत दर वेळी त्याच जागी, त्याच दिशेने येतो. खरखर मात्र कधी अधिक, कधी उणी येते आणि अंशतः स्वतःलाच खोडते. शंभर मोजमापे केली तर संकेत शंभर पट होतो, खरखर फक्त दहा पट. म्हणजे निवळ लाभ दहा पटीचा. गणिताच्या शिक्षकांना वर्गमूळ शिकवताना हे उदाहरण उपयोगी पडेल.

पण येथे काट्याची अडचण आड येत होती. एक वर्णपट घ्यायचा तर रेडिओची वारंवारता सावकाश सरकवावी लागे आणि त्यात कित्येक मिनिटे जात. शिखरे अरुंद, त्यांच्यामधली जागा रिकामी. त्यामुळे बहुतेक वेळ जेथे काहीच नाही तेथे खर्ची पडे. असे शंभर वर्णपट घ्यायचे तर दिवस पुरत नसे.

येथे अर्न्स्ट यांचा प्रवेश होतो. त्यांचा जन्म १९३३ मध्ये स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथे झाला. तेराव्या वर्षी घराच्या माळ्यावर त्यांना रसायनांनी भरलेली एक पेटी सापडली. ती त्यांच्या दिवंगत काकांची होती. मिळेल ते मिळेल त्यात मिसळण्याचे प्रयोग सुरू झाले, काही स्फोट झाले, आईवडील घाबरले. आणि मुलाने रसायनशास्त्रज्ञ व्हायचे ठरवले. झुरिकला पीएच.डी. करून १९६३ मध्ये ते कॅलिफोर्नियातील व्हेरियन या एनएमआर उपकरणांच्या कंपनीत दाखल झाले. तेथे वेस्टन अँडरसन हे सहकारी याच प्रश्नाशी झगडत होते. सर्व वारंवारता एकाच वेळी तपासता येतील का?

उत्तर पुन्हा मिरजेच्या वाद्यातच शोधता येईल. तंबोऱ्याच्या तारा कोणत्या सुरात आहेत हे जाणण्यासाठी बाहेरून एकेक सूर वाजवत बसण्याची गरज नाही. भोपळ्यावर एक टिचकी मारली की चारही तारा एकदम गुणगुणतात. क्षणभराच्या टिचकीत अनेक वारंवारता सामावलेल्या असतात. तसाच एक अतिशय अल्पकालीन, जोरदार रेडिओ स्पंद नमुन्याला दिला, की सर्व प्रोटॉन एकदम झंकारतात आणि हा झंकार सेकंदभरात विरत जातो. त्यात सगळे सूर मिसळलेले असतात. ते वेगळे करण्याची गणिती रीत फ्रेंच गणिती फूरिये यांनी उष्णतेच्या वहनावरील आपल्या १८२२ च्या ग्रंथात दिलेली होतीच.

यातील सुटे भाग नवे नव्हते, हेही नमूद केले पाहिजे. स्पंद देऊन झंकार ऐकण्याचे प्रयोग अर्विन हान यांनी १९५० च्या सुमारास केले होते. झंकार आणि वर्णपट यांचा फूरिये-संबंध लोव आणि नॉरबर्ग यांनी १९५७ मध्ये दाखवला होता. त्यातून संकेत वाढवता येईल, हे प्रत्यक्ष करून दाखवले अर्न्स्ट आणि अँडरसन यांनी, १९६४ मध्ये. सेकंदाला एक याप्रमाणे ५०० सेकंदांत ५०० झंकार नोंदवून त्यांची बेरीज घेतली. आकडे छिद्रांच्या रूपात नोंदून संगणकाकडे न्यावे लागत, कारण उपकरणाशेजारी संगणक ठेवण्याचे दिवस अजून यायचे होते. तुलनेसाठी त्याच नमुन्याचा, तेवढ्याच ५०० सेकंदांत, काटा फिरवून वर्णपट घेतला. जुन्या वर्णपटात खरखरीत बुडालेली शिखरे नव्या वर्णपटात स्वच्छ उभी होती.

एवढे होऊनही हा निबंध रसायन-भौतिकीच्या नामांकित नियतकालिकाने दोनदा परत केला. अखेर १९६६ मध्ये तो उपकरणविषयक नियतकालिकात छापून आला. व्हेरियननेही उपकरण बाजारात आणण्याची घाई केली नाही. तो मान १९६९ मध्ये ब्रुकर या स्पर्धक कंपनीने मिळवला. त्याच सुमारास फूरियेचे गणित झपाट्याने करण्याची रीत उपलब्ध झाली, छोटे संगणक आले, आणि दहा वर्षांत जुनी पद्धत जवळपास नाहीशी झाली.

यामुळे काय साधले? सांगलीच्या बाजारपेठेतील हळदीचे उदाहरण घ्या. तिचा पिवळा रंग ज्या कुर्कुमिनमुळे येतो, त्याच्या रेणूत कार्बनचे २१ अणू आहेत. परंतु नेहमीच्या कार्बन-१२ चे केंद्रक चुंबकासारखे वागत नाही. वागते ते कार्बन-१३, आणि ते असते शंभरात सुमारे एक. शिवाय त्याचे चुंबकत्व प्रोटॉनच्या चौथाईच. परिणामी कार्बनचा संकेत प्रोटॉनच्या सुमारे सहा हजारावा हिस्सा. काटा फिरवून असे वर्णपट नित्य घेणे अशक्यप्रायच होते. स्पंद-पद्धतीने हजारो झंकारांची बेरीज घेता येऊ लागल्यावर कार्बनचा सांगाडा वाचणे हे महाविद्यालयीन प्रयोगशाळांचेही नित्यकर्म झाले.

याच गणिताची पुढची पायरी वैद्यकात दिसते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अनिल कुमार यांनी झुरिकला अर्न्स्ट आणि वेल्टी यांच्यासह १९७५ मध्ये फूरिये-पद्धतीने प्रतिमा मिळवण्याची रीत प्रसिद्ध केली. आज सांगली-मिरजेच्या रुग्णालयातील एमआरआय यंत्र जे चित्र देते त्याच्या मुळाशी ही रीत आहे. दीड टेस्ला क्षेत्राच्या त्या यंत्रातही आधिक्य दहा लाखांत पाचचेच असते. मात्र एक ग्रॅम पाण्यात प्रोटॉनांची संख्या सहावर बावीस शून्ये एवढी असल्याने काम भागते.

संकेत वाढवण्याचा तिसरा उपाय म्हणजे आधिक्यच उसने आणणे. इलेक्ट्रॉनचे चुंबकत्व प्रोटॉनच्या सुमारे ६५८ पट असते. ते केंद्रकांकडे वळवता येईल, असे अल्बर्ट ओव्हरहाउझर यांनी १९५३ मध्ये मांडले, तेव्हा नोबेल विजेत्यांनीही शंका घेतली. कार्व्हर आणि स्लिक्टर यांनी त्याच वर्षी लिथियम धातूवर प्रयोग करून ते खरे ठरवले. या मार्गाने २००३ मध्ये द्रवातील कार्बनचा संकेत दहा हजार पटींहून अधिक वाढवता आला.

अर्न्स्ट यांना १९९१ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. ती बातमी त्यांना मॉस्कोहून न्यूयॉर्कला जाताना विमानात कळली. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. परत आलेला निबंध म्हणजे चुकीचा निबंध, असे समजणाऱ्या विद्यार्थ्यांना ही हकीकत जरूर सांगावी. आणि फाशांचा प्रयोग झाल्यावर त्यांना एक प्रश्न विचारावा. चाळीस कागदांनी संकेत जेवढा स्पष्ट झाला, त्याच्या दुप्पट स्पष्ट व्हायला किती कागद लागतील? बरेच जण ऐंशी म्हणतील. लागतात एकशे साठ. तसे का, हे मुलांनाच शोधू द्यावे.