तळटीप : मीगलचे संग्रहालय

१. मीगल हे स्कॉटलंडच्या पर्थशर परगण्यातील लहानसे गाव. लेखकाने उल्लेखिलेले संग्रहालय तेथील चर्चजवळच्या जुन्या शाळेच्या इमारतीत आहे. त्यात साधारण ८व्या ते १०व्या शतकांतील पिक्ट लोकांचे २६ कोरीव दगड असून ते मीगल आणि परिसरातलेच आहेत. पिक्ट हे उत्तर व पूर्व स्कॉटलंडमधले लोक. ९व्या शतकाच्या अखेरीपासून ते अल्बा राज्यात विरून गेले. आरसा-कंगवा, चंद्रकोर, लांब सोंडेसारखे तोंड असलेला प्राणी ही त्यांची खास चिन्हे. त्यांचा अर्थ अजून निश्चित लागलेला नाही. दगडांवर कोरलेल्या क्रुसांवरील गुंतागुंतीची वेलबुट्टी मात्र आयर्लंडच्या ख्रिस्ती कलेशी नाते सांगते. येथील सर्वांत उंच शिला सुमारे अडीच मीटरची आहे. तिच्यावर सिंहांमध्ये उभा असलेला बायबलमधील दानिएल कोरला आहे. स्थानिक दंतकथा मात्र त्यात राजा आर्थरची राणी व्हॅनोरा पाहते. पिक्टांचे स्वतःचे लिखित साहित्य जवळजवळ उरलेलेच नाही. म्हणून वाचकांनी हे दगड केवळ नक्षीकाम न मानता त्या समाजाचे अस्सल दस्तऐवज समजून पाहावेत. — संपा.