नारूचें उच्चाटन

काठी गांवाचें नांव निघालें कीं सातपुड्याच्या कुशींतील राजवाडी होळी डोळ्यांपुढें उभी राहते. परंतु होळी सरली कीं डोंगरांत पाण्याचे हाल सुरू होतात. झरा, डोह, विहीर, जेथें मिळेल तेथें घागर न्यावी लागते. अशा माणसांस ‘हें पाणी असें पिऊं नका’ म्हणून सांगणें सोपें नव्हे. नारूचा इतिहास बहुतांशीं याच अडचणीचा इतिहास आहे.

तरुण वाचकांस हा रोग ठाऊक नसेल. पाण्यांतील बारीक जलपिसवांच्या पोटांत या जंताच्या अळ्या असतात. तें पाणी पोटांत गेल्यावर सुमारें एक वर्षानें हात-दोन हात लांबीचा, दोऱ्यासारखा जंत बहुधा पायास फोड आणून बाहेर पडतो. आग सोसवत नाहीं म्हणून रोगी पाय पाण्यांत बुडवतो, आणि तत्क्षणीं जंत असंख्य अळ्या सोडतो. पायऱ्यांच्या विहिरींत तर पाणी भरावयास पाय बुडवावाच लागे. रोगी नकळत शेजाऱ्याच्या घागरींत आपला रोग ओतीत असे. जंत काडीस गुंडाळून रोज थोडाथोडा ओढावयाचा, हाच काय तो उपाय. ‘गणना’ ग्रंथांतील अग्निसर्प म्हणजे नारूच, असा कांहीं पंडितांचा तर्क आहे. तो मानलाच पाहिजे असें नाहीं. पण ती काडी पाहून मोशेनें खांबावर चढविलेला सर्प आठवला तर नवल नव्हे.

या रोगास लस नाहीं, जंत मारणारें औषधहि नाहीं. भारतांत 1983-84 सालीं निर्मूलनाची मोहीम सुरू झाली, तेव्हां महाराष्ट्र धरून 7 राज्यांत जवळजवळ 40,000 रोगी आढळले. पाणी फडक्यानें गाळणें, विहिरीच्या पायऱ्या बंद करून रहाट बसविणें, हातपंप खोदणें, पाण्यांत टेमेफॉस घालणें, एवढींच साधनें. तीं सारीं लोकांनीं मनावर घेतलीं तरच उपयोगीं पडणारीं.

आणि लोक तीं एकदम मनावर घेत ना. कोणी रोगास दैवी कोप म्हणे, कोणी रक्ताचा दोष. आम्हांस यांत निव्वळ अडाणीपणा दिसत नाहीं. जंत डोळ्यांदेखत पायांतून निघतो. तो गतवर्षीं प्यालेल्या पाण्यांतून आला, हें कोणास सहज पटावें? शिवाय पंपाचें पाणी बेचव लागे, आणि विहीर तर वाडवडिलांची.

राजस्थानांतील डुंगरपूर व बांसवाडा हा भिल्लांचा मुलूख. काठीकडील भिल्लांचेच ते भाऊबंद. तेथें ‘स्वच्छ’ नांवाच्या योजनेंत गांवच्याच स्त्रिया पुढें आल्या. त्यांनीं घरोघर जाऊन पाणी गाळावयास शिकविलें. कित्येकींनीं पाना हातीं घेऊन हातपंपाची दुरुस्तीहि आत्मसात केली. पाणी वाहणें बायकांच्या माथीं आणि पंपाची किल्ली पुरुषाच्या हातीं, ही जुनी विसंगति तेथें थोडी तरी मोडली. परक्या अधिकाऱ्याचें न ऐकणारें घर शेजारणीचें ऐकतें, हें आपल्या पाड्यांतील कोणासहि सांगावयास नको.

देशांतील शेवटचा रोगी 1996 च्या जुलैंत जोधपूर जिल्ह्यांत सांपडला. त्यानंतरहि रोग्याची खबर देणाऱ्यास बक्षीस लावून गांवोगांव शोध चालू राहिला. नवा रोगी निघाला नाहीं. फेब्रुवारी 2000 मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें भारत नारूमुक्त झाल्याचें जाहीर केलें.