रहस्यपट संथ आहे की कंटाळवाणा? फरक कसा ओळखाल

‘अर्धा तास झाला तरी काहीच घडत नाही’ म्हणत अनेक जण रहस्यपट मध्येच बंद करतात आणि एक स्टार देऊन मोकळे होतात. उलट काहींना प्रत्येक संथ चित्रपट ‘क्लासिक’ वाटतो. खरं तर संथपणा हा गुणही नाही आणि दोषही नाही. त्या वेळात दिग्दर्शक काय करतो, हे पाहायला हवं.

उदाहरण म्हणून बाँग जून-हो यांचा ‘मेमरीज ऑफ मर्डर’ (२००३) घेऊ. १९८६ ते १९९१ दरम्यान दक्षिण कोरियातल्या ह्वासाँग परिसरात झालेल्या खऱ्या हत्यासत्रावर तो बेतला आहे.

१. प्रसंगातून काही नवं कळतं का?
सुरुवातीलाच शेताजवळ सापडलेल्या पावलाच्या ठशावरून ट्रॅक्टर जातो. पाठलाग नाही, गोळीबार नाही. पण हा तपास किती ढिसाळ आहे हे एका मिनिटात कळतं. एखादा प्रसंग काढून टाकला तरी काहीच बिघडत नसेल, तर मात्र तो रेंगाळलेला समजा.

२. धागेदोरे प्रेक्षकांनाही मिळतात का?
पावसाची रात्र, रेडिओवर लागणारं ठरावीक गाणं: हे दुवे पोलिसांबरोबर आपल्यालाही मिळतात. महत्त्वाचा पुरावा शेवटच्या पाच मिनिटांत अचानक काढणं ही फसवणूक झाली.

३. तपास करणारा बदलतो का?
एक पोलीस डोळ्यांत पाहून गुन्हेगार ओळखल्याचा दावा करतो, तर सोलहून आलेला दुसरा कागदपत्रांवर विसंबतो. हळूहळू दोघांचाही आपापल्या पद्धतीवरचा विश्वास डळमळतो. हा बदल पटायला वेळ लागतोच.

४. शेवट मूळ प्रश्नाला धरून आहे का?
चित्रपट आला तेव्हा खरा खुनी सापडलेला नव्हता. त्यामुळे ‘खुनी कोण?’ यापेक्षा ‘आरोपी हवाच, या हट्टापायी पोलीस काय करतात?’ हा प्रश्न इथे मोठा ठरतो. मारहाण करून कबुलीजबाब घेण्याचे प्रसंग म्हणूनच लांबतात.

वास्तवानेही त्याला दुजोरा दिला. २०१९ मध्ये डीएनए चाचणीतून ली चुन-जे याचं नाव पुढे आलं आणि त्याने गुन्ह्यांची कबुली दिली. यातल्याच एका हत्येसाठी दुसऱ्या एका माणसाने सुमारे २० वर्षं तुरुंगात काढली होती. २०२० मध्ये न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवलं.

रेटिंग देण्याआधी
चित्रपट एका बैठकीत, फोन बाजूला ठेवून पाहा. अशा चित्रपटात दुवे बहुधा संवादांपेक्षा चेहऱ्यांत आणि चौकटीच्या कडेला असतात. रील पाहता पाहता ते निसटतात. तरीही कंटाळा आला, तर तसं जरूर लिहा. फक्त ‘स्लो आहे’ एवढ्यावर थांबू नका. कोणता भाग रेंगाळला आणि का, तेही सांगा. शेवट मात्र फोडू नका.