तीन अंशांची जीप

तर मंडळी, गेले चार वीकांत अस्मादिक गायब होते. शुक्रवारी रात्री हिंजवडीतून निघायचं, पहाटे बीड, तिथून वडवणी, तेलगाव करत सिरसाळा. परळी तालुक्यातलं हे गाव माझं आजोळ. आणि एवढ्या खेपा घालायचं कारण एकच, आजोबांची जीप.

मामांचा फोन आला होता. "चाळीसच्या पुढं गेली की नुसती थरथरायलीय. तुझी मामी बसंना झालीय तिच्यात. रजिस्ट्रेशन रिन्यू करायचं आलंय आन् भंगारवाला दोनदा येऊन गेलाय. तू इंजिनियर हायस ना? बघून घे, नाहीतर देऊन टाकतो."

आता मी इंजिनियर आहे म्हणजे काय, तर मेकॅनिकलची डिग्री आहे आणि सहा वर्षं पोट जावावर भरतोय. स्टिअरिंग जॉमेट्रीवर परीक्षेत हमखास एक प्रश्न यायचा, तो मी आकृती पाठ करून लिहिला होता. तरी मामांना "विकू नका, मी येतो" म्हणून बसलो. त्याला कारण आहे. माझा जन्म अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातला. त्या रात्री आईला सिरसाळ्याहून तिथवर ह्याच जीपने नेलं. आई अजून सांगते की कळा चालू होत्या आणि आजोबा गाडी तीसच्या वर न्यायला तयार नव्हते. "पळवली तर हातातून जाईल" म्हणाले. म्हणजे हा बग माझ्याहून वयाने मोठा आहे!

पहिल्या शनिवारी बॉनेट उघडलं. आतल्या बाजूला आजोबांच्या हातची ऑइलपेंटची एकच ओळ, 'डिझेल हाय. पेट्रोल टाकू ने.' ह्या गाडीत पुढे काय काय बदललं त्याचा लेखी पुरावा म्हणजे एवढा, आणि आरसी बुकात इंधनाच्या रकान्यात केलेली दुरुस्ती. बाकी सगळे बदल कमिट मेसेज न लिहिता केलेले. त्यामुळे दुरुस्तीच्या आधी इतिहास काढावा लागला.

जीप आहे सीजे-३बी. ओळखायची खूण म्हणजे उंच बॉनेट. युद्धातल्या जीपचं बॉनेट बुटकं होतं. १९५३ साली विलीजने तिच्यात नवं, वरच्या अंगाला वाढलेलं हरिकेन इंजिन बसवलं आणि ते मावावं म्हणून बॉनेट उंच केलं. दिसायला जरा बोजडच. पण महिंद्राने हेच रूप भारतात पुढे कित्येक वर्षं चालवलं, त्यामुळे आपल्या डोळ्यांना जीप म्हणजे हीच.

मुळात जीप घाईत जन्मलेली गाडी. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन सैन्याला हलकी टेहळणी गाडी हवी होती, तीही ४९ दिवसांत. बँटम नावाच्या बुडत्या कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्टने आराखडा काढला आणि २३ सप्टेंबरला पहिली गाडी मेरीलँडमधल्या कॅम्प हॉलाबर्डला हजर झाली. मग विलीज आणि फोर्ड यात उतरले आणि युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीप बनल्या. एवढ्या घाईत नवे प्रयोग करत नाहीत, बाजारात तयार असेल ते घेतात. तसा पुढे घेतला अखंड अ‍ॅक्सल आणि दोन पाटे, आणि स्टिअरिंगला रॉस कंपनीची पेटी.

यात एक गंमत आहे. अखंड पुढच्या अ‍ॅक्सलच्या गाड्यांना 'शिमी'चा रोग आहे हे मोटारवाल्यांना १९२० च्या दशकातच कळलेलं होतं. कमी हवेचे फुगीर टायर आणि पुढच्या चाकांचे ब्रेक आल्यावर ठरावीक वेगाला पुढची चाकं डावी-उजवी थडथडायला लागली. त्यावरचा एक उपाय म्हणून १९३४ च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सने आपल्या गाड्यांना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन दिलं. आणि सहाच वर्षांनी जीपने जुना अ‍ॅक्सल पुन्हा उचलला, कारण तो दगडाधोंड्यांत तुटत नाही. म्हणजे थरथर ही जीपच्या नशिबात पहिल्यापासून होती. मापं नीट ठेवली तर ती झोपून राहते, एवढंच.

ती मापंही लिहिलेली आहेत. मॅन्युअलमध्ये कॅस्टर ३ अंश, कॅम्बर दीड अंश, टो-इन ३/६४ ते ३/३२ इंच, म्हणजे साधारण सव्वा ते अडीच मिलिमीटर. कॅस्टर म्हणजे चाक ज्या खिळीवर वळतं तिचं डोकं मागे किती झुकलंय ते. सायकलचं हँडल सोडून आपण चालवू शकतो त्यात ह्या झुकावाचा मोठा हात असतो, चाक आपलं आपण सरळ येतं. झुकाव गेला की गाडी भरकटते.

जीप अमेरिकेतून परळी तालुक्यात कशी आली? १९४५ साली पोलादाच्या व्यापारासाठी 'महिंद्रा अँड मोहम्मद' कंपनी निघाली. यातले मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद, फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल. १९४८ मध्ये नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. १९४७ पासूनच कंपनी मुंबईत विलीजच्या जीप सुट्या भागांतून जोडायला लागली होती. त्या वेळी बीड मुंबई राज्यातही नव्हतं, हैदराबाद संस्थानात होतं. निजामाच्या रेल्वेने १९३२ मध्ये २७ बस घेऊन मोटारसेवा सुरू केली खरी, पण खेड्यात बैलगाडीच. संस्थान १९४८ मध्ये भारतात आलं, १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात, १९६० ला महाराष्ट्र. आणि खेड्यात जीप आली ती सरकारची म्हणून. १९५२ च्या सामुदायिक विकास योजनेपासून गटविकास अधिकारी आणि जीप ही जोडीच झाली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसांना धुरळा दिसला की कळायचं, साहेब आले. पुष्कळ सरकारी जीपच्या मागे 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' असं रंगवलेलं असायचं. आमच्या जीपच्या फाळक्यावर ती अक्षरं रंगाच्या तीन थरांखालून अजून वाचता येतात.

आजोबांनी ती सत्तरीच्या दशकाच्या शेवटी सरकारी लिलावात घेतली. शेती, बाजार आणि गावातलं कोणी आजारी पडलं तर दवाखाना. तुम्ही म्हणाल, एसटी होती, रेल्वे होती. एसटी होती, पण रात्री दोनला नव्हती. रेल्वे परळीला निजामाच्या काळातच आली होती, पण ती परभणीकडे जाते. बीड शहराला प्रवासी गाडी मिळायला २०२५ चा सप्टेंबर उजाडावा लागला. असो, त्या विषयावर बोलायला लागलो तर जीप राहील बाजूला.

पेट्रोलचं हरिकेन इंजिन लिटरला आठ-नऊच्या पुढे जात नसे. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल आणि डिझेलच्या भावातला फरक लोकांना टोचायला लागला. महिंद्राने ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन जीपमध्ये घातलं, मग १९७९ साली फ्रान्सच्या प्यूजोकडून एक्सडीपी ४.९० या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. २११२ सीसीचं हे इंजिन पुढे सगळीकडे पसरलं. आणि जुन्या पेट्रोल जीपवाल्यांनी गॅरेजात तीच क्रांती हाताने केली. अपघातात निकामी झालेल्या जीपचं डिझेल इंजिन उचलायचं, चासीवर नवे कान वेल्ड करायचे, की झालं. आजोबांनी हे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी केलं.

इंजिन बदललं. स्टिअरिंगला मात्र कोणी हात लावला नाही. ती मापं पेट्रोल इंजिनाच्या वजनाची. डिझेल जड, त्यामुळे पुढचे पाटे बसले. आणि माणसं-पोती जास्त बसावीत म्हणून मागे दोन-दोन पाटे वाढवलेले, म्हणून ढुंगण वर. गाडी कायमची नाक खाली घालून उभी. दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर ८० इंच, म्हणजे २०३२ मिलिमीटर. गाडी मागच्यापेक्षा पुढे ३५ मिलिमीटर खाली गेली की अख्खी चासी एक अंश पुढे कलते, आणि कॅस्टर तेवढाच कमी होतो. मी अंगणात लेव्हल ट्यूब लावून मोजलं तर जवळपास ७० मिलिमीटर. तीनातून दोन गेले, हातात राहिला एक अंश. मोबाइलच्या अँगल मीटरनेही तेवढंच दाखवलं. खरं सांगतो, परीक्षेत पाठ केलेल्या आकृतीला त्या दिवशी पहिल्यांदा अर्थ आला.

मग वाटलं की सापडलं! पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये दोन अंशांची पाचर घालायची, संपलं. गावातले म्हातारे मिस्त्रीचाचा, ज्यांनी ते डिझेल बसवताना उस्तादाच्या हाताखाली पाने उचलले होते, ते बघून म्हणाले, "पाचर घाल, पण थरथर नाय जायची." मी मनात हसलो. पाचर घातली, जाड बाजू पुढे, गाडी तेलगाव रस्त्याला काढली. भरकटणं गेलं. एका बोटावर सरळ चालली. आणि बेचाळीसला स्टिअरिंग असं थडथडलं की दोन्ही हातांनी धरून शेताच्या कडेला उभी करावी लागली. पहिल्यापेक्षा जास्त!

चाचांचं बरोबर होतं. हे दोन वेगळे बग होते आणि पस्तीस वर्षं सगळे त्यांना एक समजत आले. भरकटणं कॅस्टरमुळे. थरथर ढिलेपणामुळे, आणि खिळ्या ढिल्या असताना कॅस्टर वाढवला तर ती उलट बळावते. मधल्या काळातल्या कोणीतरी, कोण ते जाऊ दे, भरकटण्यावर उपाय म्हणून रॉसच्या पेटीचा स्क्रू आवळून ठेवला होता. त्या पेटीत नागमोडी खाचेत फिरणारे दोन टोकदार खुंट असतात. सरळ रस्त्याची जागा सर्वांत जास्त झिजते, तिथला प्ले घालवायला स्क्रू पिळला की वळणावर पेटी अडकते, आणि आजार आहे तिथेच राहतो.

पुढचे दोन वीकांत उकलण्यात गेले. पेटीपासून चाकापर्यंत जोर पोचतो तो मध्ये एका खुंटीवर फिरणाऱ्या बेल क्रँकमधून आणि दोन टायरॉडमधून. बेल क्रँकचं बुश अंड्यासारखं झालेलं. किंगपिनच्या बेअरिंगांवर बाजारातल्या पत्र्याच्या डब्याचे तुकडे शिम म्हणून घातलेले, तेही एकाच बाजूला. मॅन्युअल म्हणतं की ऑइलसील काढून आर्मला ताणकाटा लावून ओढा, चार ते सहा पौंडात हललं पाहिजे. आमचं उजवं चाक काट्याची सुई हलायच्या आत फिरलं. नवी बेअरिंगं, नवं बुश, एकेक शिम काढत-घालत दोन्ही बाजू पाच पौंडावर आणल्या. चाचा ताणकाट्याकडे संशयाने बघत होते, मग स्वतः हाताने ढकलून बघितलं आणि म्हणाले, "हां, आता हाताला लागायलंय." शेवटी टायरवर खडूच्या रेघा, सुतळी, आणि टो-इन दोन मिलिमीटर. आधी टो-इन नव्हताच, चाकं बाहेर तोंड करून होती.

या सगळ्यात माझ्या डोक्यात एक योजना शिजत होती. जालावर जुन्या जीपवाल्यांची चित्रं बघून बघून मलाही वाटायला लागलं होतं की डिझेल काढून मूळ हरिकेन बसवावं, रंग फॅक्टरीचा, मग विंटेज रॅलीत न्यावी. मूळ मापं, मूळ इंजिन, म्हणजे हिशेबही सोपा. मामांना सांगितलं. ते बराच वेळ तंबाखू मळत बसले.

"पेट्रोलच राहिली आसती तर तुझ्या आजोबानं तवाच विकली आसती. मग तुला अंबाजोगाईला कशात नेलं आसतं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मूळ गाडी वीसेक वर्षं सरकारची होती, डिझेल झालेली गाडी पस्तीस वर्षं ह्या घराची. कुठली खरी ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नाही. मोटार वाहन कायद्यातल्या ५२ व्या कलमाने गाडीत मोठा फेरबदल केला की तो आरसीत नोंदवावा लागतो. आजोबांनी तो नोंदवलेला, त्यामुळे कागदावरही ती डिझेलच आहे. हरिकेनचा विषय बंद. फक्त मागचे वाढीव पाटे एकेक कमी केले, कारण आता पोती कोणी नेत नाही, आणि मग पाचर दोन अंशांवरून एकावर आणली.

मागच्या रविवारी मामी पुढे बसल्या. परळीपर्यंत त्यांचा हात समोरच्या दांडीवर घट्ट होता, घाटनांदूरचा फाटा मागे टाकल्यावर कधीतरी सुटला. पंचावन्नला जीप सरळ चालली. दवाखान्याच्या फाटकाबाहेर चहा घेतला आणि आईला फोन लावला. तिने पहिलं विचारलं, किती वेळ लागला? सांगितलं तर म्हणाली, "खोटं बोलतोस."

घरी आल्यावर मामांनी ऑइलपेंटचा डबा काढला आणि बॉनेटच्या आत, आजोबांच्या ओळीखाली लिहिलं: 'क्यास्टर ३. टोइन २ एमेम. पाचर जाड बाजू पुढं. पेटीचा स्क्रू आवळू ने.'

रॉसच्या पेटीतले खुंट मात्र अजून जुनेच आहेत. दिल्लीच्या मायापुरीत मिळतील असं एकाने सांगितलंय, बघू. तोपर्यंत साठच्या पुढे न्यायची नाही असं मामींनी बजावलंय.