कोजागिरीला कुपन कशाला?

‘कोजागिरीच्या दुधाला कुपन कशाला वो?’ हा प्रश्न आपल्या गच्चीवर दरवर्षी निघतोच. उत्तर कोल्हापूरच्याच माणसानं देऊन ठेवलंय. संगीतसूर्य केशवराव भोसले यांची ‘ललितकलादर्श’ आणि बालगंधर्वांची ‘गंधर्व’ या एकमेकींच्या स्पर्धक नाटक कंपन्या. तरी टिळक स्वराज्य फंडासाठी ८ जुलै १९२१ ला मुंबईत दोघांनी मिळून ‘संयुक्त मानापमान’ केलं. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. तिकिटं चढ्या दराची, तरी थिएटर खच्चून भरलं. गाण्याची ओढ होतीच, शिवाय पैसा कुठं जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. आपणही तेवढं पाळूया. कुपन ठेवू, पण जमाखर्च दुसऱ्याच दिवशी नोटीस बोर्डावर लावू. आणि ज्याला कुपन जड जातंय, त्याच्या घरी दुधाचा पेला गुपचूप पोचवू.