प्लेगची साथ, मुंबई इलाख्यातील

१८९६ साली मुंबई शहरात उद्‌भवलेली आणि पुढे इलाख्यात व भारताच्या बहुतेक भागांत पसरलेली ग्रंथिक प्लेगची महासाथ. मराठीत त्या काळी तिला ‘गाठीचा ताप’ असेही म्हणत. या साथीत १९३० पर्यंत भारतात सु. १ कोटी २० लाख माणसे दगावली, असा अंदाज केला जातो. येर्सिनिया पेस्टिस हा सूक्ष्मजंतू या रोगाचे कारण होय. तथापि हा जंतू कोठे रुजावा, कोणत्या वाटेने पुढे जावा व कोणाचे प्राण घ्यावे, हे मुख्यतः धान्याचा व्यापार, घरांची रचना, हवामान आणि शासनाचे प्रजेशी असलेले संबंध यांवर अवलंबून राहिले. त्यामुळे वैद्यकाच्या इतिहासाइतकेच सामाजिक इतिहासातही या साथीला महत्त्व आहे.

पार्श्वभूमी : चीनच्या युनान प्रांतातून सुरू झालेली प्लेगची तिसरी महासाथ १८९४ मध्ये हाँगकाँग बंदरात पोहोचली. तेथेच आलेक्सांद्र येर्सँ (१८६३–१९४३) यांनी रोगजंतूचा शोध लावला. बंदरे जोडणाऱ्या आगबोटींतून माल व उंदीर यांबरोबर हा रोग मुंबईत आला असावा, असे मानले जाते.

मुंबईची वाढ १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यानंतर आणि कापडगिरण्यांच्या भरभराटीमुळे झपाट्याने झाली होती. १८९१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८,२१,७६४ भरली. रत्नागिरी, सातारा इ. जिल्ह्यांतून आलेले गिरणी-कामगार, हमाल व कारागीर मुख्यतः चाळींतून राहत. एकेका खोलीत एकाहून अधिक कुटुंबे किंवा पाळीपाळीने झोपणारे कामगार असत. खोल्यांत उजेड व वारा बेताचाच असे. मोऱ्या उघड्या असत. गोदीजवळच्या मांडवी भागात तर तळमजल्यावर धान्याची वखार व वरच्या मजल्यांवर बिऱ्हाडे अशी इमारतींची सर्वसाधारण रचना होती. उंदरांना अन्न, आडोसा व माणसाचा शेजार एकाच छपराखाली मिळेल, अशी ही व्यवस्था होती.

साथीचा उगम व प्रसार : सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील रुग्णांना झालेला आजार ग्रंथिक प्लेग असल्याचे निदान गोव्यात जन्मलेले डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगश (१८५६–१९३३) यांनी केले. व्यापाराला बाध येईल या भीतीने प्रारंभी या निदानाविषयी साशंकता दाखविण्यात आली. परंतु मृतांची संख्या वाढू लागताच ते मान्य करणे भाग पडले. १८९७ च्या प्रारंभापर्यंत शहरातील जवळजवळ निम्मे लोक गावी निघून गेले. गिरण्यांना कामगार मिळेनासे झाले व बाजार ओस पडले. १९०१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ७,७६,००६ म्हणजे दहा वर्षांपूर्वीपेक्षाही कमी भरली.

रोग पुणे व कराची येथे १८९६-९७ च्या हिवाळ्यात पोहोचला. त्यानंतर सातारा, बेळगाव, धारवाड हे जिल्हे व कोल्हापूर संस्थान यांना त्याची विशेष झळ लागली. याच सुमारास दख्खनमध्ये १८९६-९७ चा आणि नंतर १८९९-१९०० चा असे दोन मोठे दुष्काळ पडले. दुष्काळी मुलखाकडे आगगाडीने धान्य जाई. त्याच्या पोत्यांतून उंदीर व पिसवाही जात. दुष्काळाचा प्लेगशी आलेला संबंध लोकांच्या उपासमारीपेक्षा या वाहतुकीतून अधिक स्पष्ट होतो. पुढे रोगाने सर्वाधिक बळी पंजाबमध्ये घेतले. १९०७ या एकाच वर्षी भारतात सु. १३ लाख लोक प्लेगने मेले. याउलट मद्रास इलाख्यात मनुष्यहानी तुलनेने फारच कमी झाली.

शासकीय उपाय : रोग घाणीतून, दूषित हवेतून व दमट जमिनीतून उद्‌भवतो, ही कल्पना त्या वेळच्या अधिकाऱ्यांत अद्याप प्रबळ होती. त्यामुळे मुंबईत गटारे समुद्राच्या पाण्याने व कार्बॉलिक अम्लाने धुण्यात आली, भिंतींना चुना देण्यात आला, घरांत उजेड येण्यासाठी कौले काढण्यात आली आणि रुग्णांचे कपडे व अंथरुणे जाळण्यात आली. गटारे धुतल्याने त्यांतील उंदीर घरांत शिरले असण्याचाही संभव आहे. रोग माणसाकडून माणसाला होतो, या समजुतीने रुग्णांना सक्तीने रुग्णालयात आणि त्यांच्या आप्तांना विलग छावण्यांत हलविण्यात येई. रेल्वे स्थानकांवर उतारूंना खाली उतरवून त्यांच्या काखा व जांघा तपासल्या जात. व्हेनिस येथे १८९७ साली भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत भारतातील साथीविषयी चिंता व्यक्त झाली. भारताच्या सागरी व्यापारावर निर्बंध येण्याची भीती हे शासनाच्या कठोर धोरणामागील एक प्रमुख कारण होते.

या उपायांना कायद्याचे बळ देण्यासाठी फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग अधिनियम संमत करण्यात आला. अवघ्या काही कलमांच्या या अधिनियमाने घरांची झडती, विलगीकरण व प्रवासबंदी यांविषयी शासनास व्यापक अधिकार मिळाले. त्यांनुसार काम करणाऱ्या अधिकाऱ्यांना न्यायालयीन कारवाईपासून संरक्षणही देण्यात आले.

लोकांची प्रतिक्रिया : रुग्णालयात गेलेला मनुष्य परत येत नाही, असा लोकांचा अनुभव होता, कारण तेथे नेलेले बहुतेक रुग्ण आधीच अत्यवस्थ असत. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी-कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. मार्च १८९८ मध्ये मुंबईतील विणकर मुसलमानांच्या वस्तीत रुग्णतपासणीवरून दंगल उसळली. परपुरुषाने स्त्रियांच्या शरीराची तपासणी करणे, जातिनियम व सोवळे यांना बाध येणे आणि अंत्यसंस्कारांवर निर्बंध येणे ही असंतोषाची मुख्य कारणे होती. रुग्ण लपविणे, प्रेत घरातच पुरणे, खोटे नाव सांगणे असे मार्ग लोक अनुसरू लागले. त्यामुळे मृत्यूंची नोंदही विश्वसनीय राहिली नाही आणि ज्यासाठी ही सक्ती होती तो हेतूच विफल झाला.

पुण्यात प्लेग समितीचे अध्यक्ष डब्ल्यू. सी. रँड यांनी मार्च ते मे १८९७ या काळात गोऱ्या सैनिकांकरवी घरोघर झडत्या घेतल्या. देवघरात व स्वयंपाकघरात बूट घालून शिरणे, सामानाची नासधूस करणे अशा तक्रारी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाल्या. २२ जून १८९७ रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. लेफ्टनंट आयर्स्ट हे तत्काळ, तर रँड हे ३ जुलै रोजी मरण पावले. लो. टिळकांवर केसरीतील लेखनाबद्दल राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

शासनाच्या पद्धतीला विरोध करणाऱ्या समाजाने रुग्णसेवेकडे मात्र पाठ फिरविली नाही. पुण्याजवळ डॉ. यशवंत फुले यांनी उघडलेल्या दवाखान्यात सावित्रीबाई फुले रुग्णांची शुश्रूषा करीत होत्या; त्याच कामात संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पुण्यात टिळकांच्या पुढाकाराने हिंदूंसाठी स्वतंत्र प्लेग रुग्णालय निघाले. मुंबईतही निरनिराळ्या समाजांनी आपापली रुग्णालये सुरू केली. आपल्या माणसांच्या देखरेखीखालील अशा रुग्णालयांत लोक आपण होऊन येऊ लागले. या अनुभवानंतर शासनाने १८९८ पासून हळूहळू सक्ती सैल केली.

लस व संशोधन : वॉल्डेमार हाफकीन (१८६०–१९३०) हे ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत त्यांनी मारलेल्या जंतूंपासून लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर तिचा प्रयोग केला. तिसरे आगाखान यांनी जाहीरपणे लस टोचून घेतल्याने त्यांच्या अनुयायांची भीती कमी झाली. १८९९ मध्ये हाफकीन यांची प्रयोगशाळा परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. १९२५ पासून ती ‘हाफकीन इन्स्टिट्यूट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. हाफकीन यांच्यावर ठपका ठेवण्यात आला; पुढे १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. तोवर लसीकरणाच्या कार्याची मात्र मोठी हानी झाली होती.

रोग कसा पसरतो याचा उलगडा पॉल-लुई सीमाँ (१८५८–१९४७) यांनी १८९८ मध्ये कराची येथे केला. उंदरांच्या अंगावरील पिसू हा रोगाचा वाहक असल्याचे त्यांनी दाखविले. तथापि कित्येक वर्षे या मताची उपेक्षा झाली. १९०५ मध्ये नेमलेल्या प्लेग संशोधन आयोगाने परळच्या प्रयोगशाळेत व मुंबईतील चाळींत गिनीपिगांवर प्रयोग केले. प्लेगच्या घरात जमिनीवर मोकळे सोडलेले गिनीपिग रोगाला बळी पडत. परंतु पिसूची उडी पोहोचणार नाही इतक्या उंचीवर टांगलेल्या पिंजऱ्यातील प्राणी त्याच हवेत राहूनही निरोगी राहत. दूषित हवेची कल्पना यामुळे निकालात निघाली.

पुढील संशोधनाने साथीचे ऋतुमानही स्पष्ट झाले. जंतूंच्या वाढीने पिसूच्या अन्नमार्गाच्या पुढील भागात गुठळी होऊन तो मार्ग बंद होतो. अशी भुकेली पिसू पुनःपुन्हा चावते व त्या वेळी जंतू रक्तात सोडते. थंड व दमट हवेत हे घडते. कडक, कोरड्या उन्हाळ्यात गुठळी टिकत नाही व पिसवाही लवकर मरतात. दरवर्षी कडक उन्हाळ्यात साथ ओसरण्याचे व हवा निवल्यावर ती पुन्हा उद्‌भवण्याचे कारण हेच होय. मद्रासकडे उंदरांवर मुख्यतः पिसूची वेगळी जात आढळते व ती रोगवाहक म्हणून कमी कार्यक्षम आहे, हे तेथील अल्प मृत्युसंख्येचे एक स्पष्टीकरण होय.

या ज्ञानाच्या उजेडात खेड्यांतील लोकांची रीत अधिक शहाणपणाची ठरते. घरात उंदीर मरून पडू लागले, की ‘उंदीर पडला’ असे म्हणून गावकरी गाव सोडीत व शेतात झोपड्या घालून राहत. साथ ओसरल्यावरच ते परतत. उंदीर व पिसवा यांच्यापासून दूर जाण्याचा हा सर्वांत परिणामकारक उपाय होता. पुढे शासनानेही स्थलांतरास उत्तेजन दिले. मात्र ज्याला मजुरीसाठी शहर सोडता येत नव्हते किंवा ज्याच्यापाशी झोपडीपुरतीही जागा नव्हती, त्याला हा मार्ग मोकळा नव्हता.

नगररचनेवरील परिणाम : १८९८ मध्ये मुंबई शहर सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन झाले. त्याने दाट वस्तीतून प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते काढले आणि दादर, माटुंगा, शीव या भागांची आखणी केली. परंतु आरंभीच्या काळात पाडलेल्या खोल्यांच्या मानाने गरिबांसाठी बांधलेल्या खोल्या कमी पडल्या. उठविलेली कुटुंबे कामाच्या ठिकाणापासून दूर जाऊ शकत नसल्याने शेजारच्याच चाळींत शिरली व तेथील दाटी वाढली. नव्या उपनगरांचा लाभ मुख्यतः मध्यमवर्गास झाला.

साथीचा ऱ्हास व नंतरचा काळ : १९२० नंतर साथीचा जोर ओसरत गेला. वारंवार साथी आलेल्या शहरांतील उंदरांमध्ये रोगप्रतिकारक्षमता वाढणे, हे त्याचे एक कारण होय. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी हे कीटकनाशक व स्ट्रेप्टोमायसीनसारखी प्रतिजैविके उपलब्ध झाल्यावर मृत्यू झपाट्याने घटले. १९६६ नंतर सु. २८ वर्षे भारतात मानवी रुग्णाची नोंद झाली नाही.

ऑगस्ट १९९४ मध्ये मात्र बीड जिल्ह्यातील मामला या गावी ग्रंथिक प्लेगचे रुग्ण आढळले. सप्टेंबर १९९३ च्या लातूर-उस्मानाबाद भागातील भूकंपानंतर घाबरलेल्या गावकऱ्यांनी घरे सोडली होती आणि तेथे राहिलेल्या धान्यावर उंदरांची वाढ झाली होती, असे या उद्रेकाचे कारण सांगण्यात आले. पुढील महिन्यात सुरत येथे फुप्फुसाच्या प्लेगचा उद्रेक झाला. पूर व साचलेला कचरा यांनी ग्रासलेल्या त्या शहरातून लाखो लोक पळाले. १९९५ नंतर सुरतेची महानगरपालिका सफाईसाठी प्रसिद्धीस आली. १८९७ चा साथरोग अधिनियम स्वातंत्र्यानंतरही कायम राहिला आणि २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीत त्याचाच आधार घेण्यात आला. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांसाठी कठोर शिक्षा ठरविण्यात आली. रुग्णाच्या व त्याच्या कुटुंबीयांच्या हक्कांविषयी मात्र त्या अधिनियमात स्वतंत्र तरतूद झाली नाही.