मेंढपाळाचा एक दिवस : ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ऐकताना

आज एका ध्वनिमुद्रिकेबद्दल बोलायचं आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसाने रेकॉर्डवर काय बोलायचं, असं कुणाला वाटेल. पण माझा प्रश्न तत्त्वज्ञानातलाच आहे. ज्या प्रदेशात आपण कधी राहिलो नाही, जे आयुष्य आपण जगलो नाही, त्याच्या नावाने केलेलं संगीत आपल्याला आपल्या स्वतःच्या दुःखात आधार कसं देतं? आणि दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे : असा आधार घेण्याचा आपल्याला अधिकार आहे का?

रेकॉर्ड आहे ‘कॉल ऑफ द व्हॅली’. एच.एम.व्ही.ने १९६७ साली काढली. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काबरा आणि तबल्याला माणिकराव पोपटकर. पहिले तिघेही तेव्हा तिशीच्या आसपासचे. आज ही नावं आपण कानाला हात लावून घेतो. त्या वेळी ती तशी नव्हती. ही रेकॉर्ड घडवून आणली ती एच.एम.व्ही.तले आपले जी. एन. जोशी यांनी. जुन्या श्रोत्यांना जोशी आठवतात ते ना. घ. देशपांडे यांच्या ‘शीळ’ या कवितेमुळे. ती त्यांनी गायली आणि मराठी भावगीताच्या सुरुवातीच्या काळात ती घरोघर पोचली. एका कवितेतला भाव तीन मिनिटांत कसा मांडायचा, हे ज्या माणसाने विशीत-तिशीत शोधलं, त्याच माणसाने पुढे एका अख्ख्या दिवसाची गोष्ट शब्दांवाचून मांडून घेतली. मला हा धागा महत्त्वाचा वाटतो.

तीन मिनिटं का म्हणालो? तर जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तेवढंच मावत असे. आमच्या वडीलधाऱ्यांनी मोठमोठे गवई असे तीन-साडेतीन मिनिटांत ऐकले. लाँग प्ले आली तेव्हा एका बाजूला वीस मिनिटं मिळू लागली. बहुतेकांनी ती जागा एका रागाच्या विस्ताराला दिली, आणि ते योग्यच होतं. इथे मात्र दोन बाजूंच्या चाळीसेक मिनिटांत काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस बसवला. पहाटेला अहिर भैरव, त्यातून नट भैरव. दिवस वर आल्यावर पिलू. इथे पहिली बाजू संपते. दुसऱ्या बाजूला संध्याकाळचा भूप, रात्रीचा देस, आणि शेवटी पहाडी. म्हणजे बघा, रागांचं समयचक्र आपल्याकडे होतंच. मैफलीत आपण त्याची एक वेळ ऐकतो, सकाळची किंवा रात्रीची. इथे ते चक्र एका सलग गोष्टीत फिरताना ऐकू येतं.

आता वाद्यांकडे या. संतूर हे काश्मीरच्या सूफियाना मौसिकीतलं वाद्य. शंभराच्या आसपास तारा, त्यावर दोन लाकडी कलमांनी वाजवायचं. शिवकुमार शर्मा मात्र खोऱ्यातले नव्हेत, जम्मूचे. वडील उमादत्त शर्मा यांनी त्यांना या वाद्याकडे वळवलं. १९५५ साली मुंबईत ते पहिल्यांदा मोठ्या मैफलीत संतूर घेऊन बसले, तेव्हा जाणकारांचा आक्षेप होता की या वाद्यात मींड नाही. स्वर तुटक पडतो, मग राग कसा उभा राहणार? आक्षेप खोटा नव्हता. शर्मांनी तारांची रचना बदलली, वाद्य लाकडी तिवईवरून मांडीवर घेतलं, कलम तारेवर थरथरत सरकवून स्वर लांबवायची रीत काढली. गिटारचं तसंच. मांडीवर आडवी ठेवून वाजवायची ही गिटार मूळची हवाईची, आपल्याला ऐकून माहीत होती ती सिनेमाच्या गाण्यांतून. काबरांनी ती अली अकबर खाँसाहेबांकडे शिकून रागसंगीतात आणली. बासरीलाही मैफलीत स्वतंत्र जागा मिळून फार वर्षं झाली नव्हती, ती पन्नालाल घोषांनी मिळवून दिलेली. म्हणजे तिन्ही वाद्यांना ‘तुम्ही इथले नाही’ असं कधी ना कधी ऐकावं लागलेलं.

मग यातलं काश्मीर कुठलं? सूफियाना परंपरेतलं वाद्य, पण राग हिंदुस्थानी, हवाईची गिटार, मराठी निर्माता. खऱ्या गुज्जर-बकरवालांचं आयुष्य एका दिवसाचं नसतं, वर्षाचं असतं. हिवाळ्यात जम्मूच्या पायथ्याशी उतरायचं आणि उन्हाळ्यात पीर पंजाल ओलांडून वरच्या कुरणांवर जायचं. रेकॉर्ड निघायच्या दोनच वर्षं आधी, ऑगस्ट १९६५ मध्ये, घुसखोर खोऱ्यात उतरल्याची खबर पोलिसांपर्यंत पोचवणारा माणूस, मोहम्मद दीन, हा गुज्जर गुराखीच होता. पुढे युद्ध झालं. त्याच सुमारास आपण थिएटरात ‘काश्मीर की कली’चे शिकारे बघत होतो. रेकॉर्डमधला मेंढपाळ यातल्या कशालाच ओळखत नाही. तो उठतो, वर जातो, उतरतो, प्रेयसीला भेटतो.

नव्वदच्या दशकात माझ्या वर्गात एक मुलगा होता, खोऱ्यातून विस्थापित झालेल्या कुटुंबातला. घरी आला होता, तेव्हा मी उत्साहाने ही रेकॉर्ड लावली. पूर्ण ऐकली त्याने. मग म्हणाला, “सर, छान आहे. पण यात बर्फ नाही.” एवढंच. तो रागावला नव्हता. माझ्या मनात मात्र ते वाक्य राहिलं. ज्याचं घर तिथे होतं त्याला थंडी आठवते. आपल्याला आठवतं ते कॅलेंडरवरचं चित्र.

मग ही रेकॉर्ड खोटी आहे का? मला वाटतं, नाही, आणि कारण सांगतो. हुसर्ल नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाने १९०५ च्या सुमारास काळाच्या जाणिवेवर व्याख्यानं दिली. त्याने उदाहरण घेतलं सुरावटीचं. एक स्वर ऐकताना आधीचा स्वर नुसता निघून गेलेला नसतो, तो जाता जाता मनात धरलेला असतो. आणि पुढचा स्वर यायच्या आधीच आपण त्याच्याकडे झुकलेले असतो. तसं नसतं तर आपल्याला एकेक स्वर ऐकू आला असता, सुरावट कधीच नाही. ‘आत्ता’ म्हणून जे असतं त्यात थोडं गेलेलं आणि थोडं येणारं असतंच.

हे मी पस्तीस वर्षं फळ्यावर शिकवलं. उमगलं ते घरात. माझी पत्नी आजारी होती तेव्हा शेवटच्या हिवाळ्यात रोज सकाळी आम्ही पहिली बाजू लावत असू. ती म्हणायची, “अहो, पहाट लावा.” दुसऱ्या बाजूपर्यंत बहुधा पोचायचो नाही, तिला झोप लागायची. ती गेल्यावर मी पुष्कळ महिने फक्त पहिलीच बाजू ऐकत होतो. पिलू संपला की सुई उचलायची आणि पुन्हा अहिर भैरव. लाँग प्लेचं एक बरं असतं : संध्याकाळ आपोआप येत नाही, उठून तबकडी पालटावी लागते. एके दिवशी पालटली. भूप सुरू झाला आणि मी ढसाढसा रडलो. खरं म्हणजे भूपात रडण्यासारखं काही नाही, शांत राग आहे. पण सकाळ आपण कितीही धरून ठेवली तरी ती संध्याकाळकडे झुकलेलीच असते, हे तेव्हा कळलं. शेवटची पहाडी येईपर्यंत रडू थांबलं होतं. मग मी उठून वरणभाताचा कुकर लावला.

तेव्हा माझं म्हणणं असं. ही रेकॉर्ड काश्मीरबद्दल फारसं खरं सांगत नाही; दिवस कसा सरतो याबद्दल मात्र अगदी खरं सांगते. म्हणून ती मला उपयोगी पडली. अभिनवगुप्त, तेही काश्मीरचेच, ज्याला साधारणीकरण म्हणतात ते हेच : भाव त्या एका माणसाचा राहत नाही, ऐकणाऱ्या कुणाचाही होतो. पण भाव सर्वांचा झाला म्हणून खोरं सर्वांचं होत नाही. तिथे राहणाऱ्यांचं आणि तिथून निघावं लागलेल्यांचं काश्मीर त्यांचंच आहे, बर्फासकट. आपण घेतलं आहे ते एका दिवसाचं माप. एवढा फरक लक्षात ठेवला, तर तो आधार घ्यायला मला संकोच वाटत नाही.

एक विनंती. घरी ऐकलीत तर मध्ये थांबा. मोबाइलवर पिलूनंतर लगेच भूप येतो. तिथे बंद करा, चहा करा, आणि मग पुढचं लावा. आता प्रश्न असतील तर विचारा.